नावेदची तक्रार

मारणारी पोरं मी पुष्कळ बघितली आहेत. प्राथमिकच्या वर्गांवर इतकी वर्षं काढली की मारामारीचे सगळे प्रकार पाठ होतात. रागाने मारणारा असतो, भीतीने मारणारा असतो, घरी मार खाऊन शाळेत वसूल करणाराही असतो. मी स्वतः तापट आहे. पेणला आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल. त्यामुळे रागाने हात उचलणाऱ्या पोराचं मला एका अर्थी कळतं. नावेदचं कळायला मात्र फार वेळ लागला, कारण नावेद मारायचा तेव्हा रागावलेला नसायचा.

रोह्याच्या आमच्या शाळेत तो चौथीत माझ्या वर्गात आला, तोच मारकुटा म्हणून नाव काढून आलेला. तिसरीच्या बाईंनी वर्ग सोपवताना सांगितलं होतं, याला दाराजवळ बसवा, बाहेर काढायला बरं पडतं. दिसायला किरकोळ पोर. केस पाणी लावून चापून बसवलेले, वह्या स्वच्छ, पाढे तोंडपाठ. आणि अधूनमधून, प्रार्थनेच्या रांगेत नाहीतर मधल्या सुट्टीत, हा सरळ उठून कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घालायचा. एकीच्या दंडाला चावला. वर्गातल्या हर्षदच्या डोक्यात त्याने पाण्याची भरलेली बाटली घातली, तेव्हा तर हर्षदची आजी शाळेच्या फाटकात बसून राहिली होती.

बाकीची पोरं मारतात आणि पळतात. पकडली की "त्याने आधी मारलं" म्हणून शपथा घेतात. नावेद मारायचा आणि तिथेच उभा राहायचा. मग आपणहून ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन दप्तर मांडीवर घेऊन बसायचा. का मारलंस विचारलं की म्हणायचा, "असंच." त्या "असंच"ने माझं डोकं फिरायचं. मी आवाज चढवला तरी तो मान खाली घालायचा नाही. एकच विचारायचा, "अम्मीला फोन लावला काय बाई?" मला वाटायचं, घाबरतोय. बरं झालं, कुणाला तरी घाबरतो, असंही वाटायचं.

त्याची आई फरझाना स्कूटरवरून यायची. बुरख्यावर हेल्मेट, हातात किल्ल्या, चेहऱ्यावर कसलाही कांगावा नाही. इतर आया मुलाची तक्रार ऐकायला येतात त्या भांडायच्या तयारीनेच. ही सगळं ऐकून घ्यायची, ज्याला लागलं त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवायची, त्याच्या आईची माफी मागायची. मग व्हरांड्यात जाऊन कुवेतला फोन लावायची.

तिचा नवरा सईद तिकडे एका गोदामात कामाला होता. दोन वर्षांतून एकदा सुट्टी. नदीकडच्या त्यांच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांची हीच तऱ्हा. बाप्ये आखातात आणि इकडचं सगळं बायका बघतात. फरझानाने स्वतः उभं राहून घराचा स्लॅब घालून घेतला होता, दिराचं लग्न जमवलं होतं, शेतातली लावणी-कापणीची माणसं तीच बघायची. पण पोरांना रागावायचं काम तिने कधी हातात घेतलं नाही. ते त्यांच्यात बापासाठी राखून ठेवलेलं होतं. बाप घरात नसला तरी त्याचा धाक घरात राहिला पाहिजे, नाहीतर पोरं त्याला पाहुणा समजतील, अशी तिची समजूत. मोहल्ल्यात सगळेच तसं मानायचे.

"मी बोलत नाय त्याला," ती मला म्हणाली होती. "त्याचे अब्बाच बोलतील. त्यांचा तेवढा तरी मान राहू दे."

मला ते पटलं होतं. खरं तर कौतुक वाटलं होतं.

बाटलीच्या प्रकरणानंतर हेडसरांनी फरझानाला केबिनमध्ये बसवून सांगितलं की आता एक तक्रार आली की दाखला हातात देणार. हे कायद्यात बसत नाही. पण कायदा पालकांना सांगायला कुणी बसलेलं नसतं, आणि हेडसरांना संस्थेच्या लोकांचे फोन येत होते. फरझाना केबिनमधून बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा मला तिचा चेहरा पडलेला दिसला. वर्षाच्या मध्यात दुसरी शाळा कुठून आणायची, आणि मारकुटा म्हणून दाखला मिळालेल्या पोराला घेणार कोण?

मी म्हटलं, मी घरी येते. खरं सांगायचं तर मी जरा भांडायलाच निघाले होते. बाप इतका रागावतो आणि पोरावर ढिम्म परिणाम नाही, म्हणजे रागावण्यातच काहीतरी खोट आहे, हे त्या बापाला तोंडावर सुनवावं असं माझ्या मनात होतं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर गेले. शुक्रवारी सईदला सुट्टी असायची आणि तो घरी व्हिडिओ कॉल करायचा.

मला खुर्ची दिली, सरबत दिलं. घरातली सगळी माणसं पुढच्या खोलीत जमलेली. नावेद भिंतीला पाठ लावून उभा होता, केस नुकतेच ओले करून बसवलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं, बाई आल्या म्हणून नटलाय.

फोन आला. पहिल्यांदा तो गेला दादीकडे, कारण ती मोठी. दादीला कमी ऐकू येतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट सईदला दोनदा सांगावी लागत होती. तिथून फोन गेला सईदच्या भावाकडे. त्याचं वरच्या खोलीच्या खिडक्यांबद्दल बोलणं झालं. मग फरझाना. मग नावेदची धाकटी बहीण, पहिलीतली अफशा. तिने शाळेत शिकवलेली कविता हातवारे करून म्हटली, मधेच विसरली, सगळे हसले, पलीकडे सईदही हसला. तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली. आणि सगळ्यांत शेवटी फोन नावेदच्या हातात आला.

"कसा हायेस? अभ्यास करतोस ना? अम्मीला त्रास देऊ नको. शाबास." मागून कुणीतरी सईदला हाक मारली. तिकडे त्यांच्या खोलीत आठवड्याचे कपडे धुवायला नंबर लागलेले असतात म्हणे. "चल, ठेवतो. खुदा हाफिज."

नावेद फोन तसाच धरून उभा राहिला. पडदा काळा झाला होता. मग त्याने शर्टाच्या बाहीने तो पुसला आणि आईला दिला.

मलाही तेव्हा काही कळलं नाही, उगाच शहाणपणाचा आव आणत नाही. मी फरझानाला म्हटलं, आज तर तो काहीच रागावला नाही. ती म्हणाली, आज तक्रार कुठाय? तक्रार असली की मग बघा. आणि ती जरा अभिमानानेच सांगायला लागली की पोरगा वाया गेलेला नाही, बापाचं बोलणं मनावर घेतो. कामावर फोन लागला नाही की सईद आवाजाचे मेसेज पाठवतो, लांबलचक. त्यातला एकही तिने पुसला नव्हता. नावेद शाळेतून आला की तिचा फोन घेऊन गच्चीवर जायचा आणि पाण्याच्या टाकीला टेकून तेच मेसेज पुन्हा पुन्हा ऐकत बसायचा.

"पस्तावतोय बिचारा," फरझाना म्हणाली.

मी म्हटलं, मला ऐकव एक.

हर्षदला मारलं त्या दिवशीचा मेसेज तिने लावला. सुरुवातीला सईद कडाडून ओरडत होता. मागे यंत्राची घरघर. लोकांच्या पोराचा जीव गेला असता म्हणजे, कुठं तोंड दाखवलं असतं आम्ही, याचसाठी इथं उन्हात मरतोय काय मी. मग हळूहळू त्याचा आवाज उतरला. "आता रडत बसू नको. तू रडलास की माझा हात चालत नाय इथं. तू माझा मोठा पोर हायेस. आठवतं, नदीवर गळ टाकायला गेलो होतो आपण? तुझा पाय चिखलात रुतलेला, मी खांद्यावर घेतला तुला..." आणि मग ते नदीवरचं सगळं, कोणता मासा लागला, नावेद कसा घाबरला, परत येताना दोघांनी भजी कशी खाल्ली. मेसेज संपता संपत नव्हता. मी नावेदकडे बघितलं. तो भिंतीशी उभा राहून पुढचं प्रत्येक वाक्य ओठांतल्या ओठांत बापाबरोबर म्हणत होता.

अफशा माझ्या खुर्चीला लोंबकळत होती. "भाईजानने मारलं की अब्बा त्याच्याशी खूप वेळ बोलतात," ती म्हणाली. "माझ्याशी नाय बोलत एवढं."

फरझानाचा हात फोनवर तसाच राहिला. शहाणं असलं की शाबास आणि फोन बंद. मारलं की बाप कामधंदा टाकून येतो, एकट्यासाठी येतो, आणि ओरडून दमला की नदीवर घेऊन जातो. एवढा साधा हिशेब, आणि आम्ही सगळी मोठी माणसं त्याला मारकुटा, हट्टी, बिघडलेला म्हणत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी फरझानाने सईदला सगळं सांगितलं. तो फोनवर रडला, असं ती म्हणाली. मग आम्ही ठरवलं. शुक्रवारचा फोन पहिल्यांदा नावेदकडे जाईल, दादीच्याही आधी. आठवड्याच्या मध्ये, तक्रार नसली की, सईद फक्त त्याच्यासाठी फोन करील. आणि मारलं तर कुणीही कुवेतला कळवायचं नाही. दादी कुरकुरली, पोराला माझ्या डोक्यावर बसवतेस गो, असं सुनेला म्हणाली. पण ऐकलं तिने.

आणि फरक पडला. मी हे बढाई म्हणून सांगत नाही, वर्गातलं कुणीही सांगेल. नावेद रोज शाळा सुटताना माझ्या टेबलाशी यायचा. "बाई, आज मी मारलं नाय. अम्मीला सांगा." मी सांगायची. सईदचा फोन यायचा. साईराज नावाचा गुबगुबीत, शांत पोरगा नावेदच्या शेजारी येऊन बसायला लागला. कोलाडजवळच्या गावातून येणारा, वडील धाटावच्या कंपनीत शिफ्टला. नावेदच्या डब्यातलं तांदळाचं गोड सांदण त्याला फार आवडायचं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एकही तक्रार आली नाही. हेडसर मला म्हणाले, काय जादू केलीत? मी म्हटलं, काही नाही, रांगेतला नंबर बदलला. त्यांना कळलं नाही आणि मी सांगत बसले नाही.

दिवाळीनंतर सईदच्या कंपनीने त्याला दुसरीकडे हलवलं. वाळवंटात कुठेतरी नवं काम निघालं होतं. कामावर फोन न्यायला बंदी, राहण्याच्या जागी रेंज नाही, आणि शुक्रवारीसुद्धा ड्युटी. फोन यायचा तो दहा-बारा दिवसांनी, तुटक तुटक, चित्र अडकलेलं. फरझाना रोज चांगला निरोप पाठवत होती. तो पलीकडे पोचतच नव्हता.

नावेद मात्र रोज टेबलाशी येत राहिला. आज मारलं नाय, सांगितलं काय? मी म्हणायची, सांगितलं. मग तो विचारायचा, मग? मी त्याला समजावलं की अब्बा लांब गेलेत, तिथे फोन लागत नाही, यात त्याची काही चूक नाही. तो सगळं नीट ऐकून घ्यायचा. चौथीतल्या पोराला तुम्ही रेंज समजावू शकता. त्याचा काही उपयोग नसतो, इतकंच.

जानेवारीत स्नेहसंमेलनाची तालीम चालू होती. पोरं स्टेजवर रांगेत उभी. मी पेटी वाजवणाऱ्या सरांशी बोलत होते, तेवढ्यात धप्प असा आवाज आला आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली. साईराज खाली फरशीवर पडला होता. त्याचा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. स्टेजच्या कडेला नावेद उभा होता. त्याने मागून ढकललं होतं, सगळ्यांनी बघितलं होतं.

साईराजला गाडीत घालून आम्ही आधी रोह्यात आणि मग हाडांच्या डॉक्टरकडे पेणला नेलं. निघताना मी ऑफिसपाशी थांबले. नावेद बाकावर बसला होता, दप्तर मांडीवर. या वेळी तो हुंदके देत होता. माझ्या अंगाची आग आग होत होती. मी त्याला विचारलं, अरे, साईराजलाच का? तुझा एकुलता एक दोस्त ना तो?

"दुसरं कुणी माझ्याजवळ उभंच राहत नाय," तो म्हणाला.

माझा राग तिथेच गळून पडला.

साईराजचे वडील दिनानाथ संतापले होते. पोलिसात जाणार म्हणाले, आणि त्यांचं काय चुकलं? हेडसरांनी फरझानाला स्पष्ट सांगितलं की वडील समक्ष आल्याशिवाय मुलाला वर्गात घेणार नाही. फरझानाने कुवेतच्या ऑफिसात, मोहल्ल्यातल्या तिकडच्या माणसांना, सगळ्यांना फोन केले. कुणीतरी गाडी करून वाळवंटात सईदला निरोप दिला. आणि सईद आला. दोन आठवड्यांची तातडीची रजा काढून आला.

फोनच्या पडद्यावर तो मला दांडगा वाटला होता. प्रत्यक्षात बारीक निघाला, गालफडं बसलेली, पावलं सावकाश टाकणारा. नावेद त्याच्या शर्टाचं टोक धरून चालायचा. एवढा मोठा मुलगा, पण रस्त्यात, शाळेत, मशिदीतून परत येताना, त्याने ते टोक सोडलं नाही.

साईराज हमरापूरला मामाकडे होता, कारण पेणचे डॉक्टर तिथून जवळ. मी पेणलाच राहते, म्हणून मी सईद आणि नावेदला घेऊन गेले. मामा, पुंडलिक, यांचा गणपतीचा कारखाना. जानेवारीत रंगाचं काम नसतं. सगळ्या शेडमध्ये पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या मध्ये साईराज हात गळ्यात बांधून खुर्चीत बसलेला. त्याची आई मनाली आम्हाला बघून आत निघून गेली. दिनानाथ उभे राहिले, पण या बसा म्हणाले नाहीत.

सईदने काही प्रस्तावना केली नाही. "दिनानाथभाऊ, माझ्या पोरानं तुमच्या पोराचा हात मोडला. मी त्याच्याजवळ नसतो. चूक माझी हाय. तुम्हाला काय करायचं ते माझं करा, त्याचं नको."

दिनानाथनी कारखान्यातल्या पोराला चहा सांगायला पाठवलं. पोलिसांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. तोवर साईराज नावेदला प्लॅस्टर दाखवत होता. मामाच्या गणपतीला जे, तेच माझ्या हाताला, असं तो मोठ्या ऐटीत सांगत होता आणि नावेदला बोटाने वाजवून बघायला लावत होता. नावेद दोन बोटांनी, अगदी हळू, त्या प्लॅस्टरवर हात फिरवत राहिला.

परतताना एसटी स्टँडवर सईद माझ्याशी बोलला. नावेद लिमलेटच्या गोळ्या घ्यायला पुढे गेला होता. सईदला परत कुवेतला जावंसं वाटत नव्हतं. इथे धाटावला नाहीतर नागोठण्याला काही मिळतंय का, हे तो रोज फिरून बघत होता. या वयात कोण घेणार, हेही त्याला माहीत होतं. सरळ म्हणाला, पोर असंच राहणार असेल तर मी जात नाही, उपाशी राहिलो तरी चालेल. मला फार बरं वाटलं. कुणाच्या घरच्या चुलीचा विचार न करता बरं वाटलं, हे कबूल.

ते दोन आठवडे नावेद वर्गात होता आणि तो नावेद कुणी बघितलेला नव्हता. हात वर करून उत्तरं देत होता. साईराज परत आला तेव्हा त्याचं दप्तर उचलत होता, त्याचं फळ्यावरचं लिहून देत होता. हर्षदला त्याने आपली पेन्सिल दिली. मोठमोठ्याने हसायचा. शाळा सुटली की फाटकात सईद उभा असायचा आणि हा पळत सुटायचा.

सईदच्या रजेच्या शेवटच्या दिवशी हेडसरांनी सईद, फरझाना आणि नावेदला केबिनमध्ये बोलावलं, मलाही बोलावलं. हेडसर खुशीत होते. म्हणाले, वडील आल्यापासून एक तक्रार नाही, अभ्यासात तर पहिल्या पाचात येईल, आता दाखल्याचा प्रश्नच नाही. फरझानाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. सईदचे डोळे भरून आले. त्याने नावेदला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाईंना विचार," तो नावेदला म्हणाला. "मी तिकीट रद्दच करणार होतो. तू तसाच मारामारी करत राहिला असतास ना, तर मी गेलोच नसतो. पण माझा पोरगा शहाणा झाला. आता मी बिनघोर जातो."

हेडसर म्हणाले, वा. त्यांनी नावेदच्या पाठीवर थाप मारली.

मी नावेदकडे बघत होते. त्याने आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. गणित बरोबर सोडवून उत्तर चूक आल्यावर पोरं फळ्याकडे बघतात तसा तो बघत होता. फरझानालाही कळलं. तिने हात खाली घेतले आणि ओढणीचं टोक पिळत राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, त्या बापावर, हेडसरांवर, त्या वाळवंटातल्या कंपनीवर. पण काय ओरडणार होते? जाऊ नका म्हणायला माझ्याकडे त्याच्यासाठी कुठली नोकरी होती? आणि एवढ्या मायेने, एवढ्या विश्वासाने तो माणूस बोलला होता. त्याला वाटत होतं की याहून मोठं बक्षीस तो पोराला देऊच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाला जाणारी गाडी शाळेवरूनच गेली. शहाण्या मुलाची शाळा बुडू नये म्हणून सईदने नावेदला फाटकात उतरवलं. नावेदने शर्टाचं टोक स्वतःच सोडलं, असं वॉचमननी मला सांगितलं. गाडी वळेपर्यंत उभा राहिला आणि मग रांगेत येऊन प्रार्थना म्हणायला लागला.

सकाळभर मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. खोटं कशाला बोलू, भीतीच वाटत होती. साईराज त्याच्या शेजारी बसला होता, प्लॅस्टरचा हात बाकावर ठेवून. नावेद त्याचं शुद्धलेखन लिहून देत होता. मधल्या सुट्टीत सगळी पोरं बाहेर गेली. नावेदने साईराजचा डबा उघडून दिला, आपलं सांदण त्याच्यापुढे ठेवलं आणि माझ्या टेबलाशी आला.

"बाई, मी आता कुणाला मारणार नाय," तो म्हणाला. "कधीच नाय."

मी त्याला शहाणा म्हणणार होते. तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडला नाही.

"पण तुम्ही अम्मीला फोन करून सांगाल काय, मी मारलं म्हणून?"

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मी विचारलं, कुणाला मारलंस?

"कुणालाच नाय. तुम्ही नुसतं सांगायचं. जोरात मारलं म्हणून सांगा. म्हणजे कुणाला लागणार नाय."

तो अगदी हळू, समजावणीच्या सुरात बोलत होता. सगळा विचार करून आला होता. या वेळी त्याने कुणाचा हात, कुणाचं डोकं मध्ये येऊ दिलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, अरे, तुझे अब्बा आत्ताच गेलेत, त्यांना असं कळलं तर केवढे ओरडतील ते तुला.

"ओरडू देत," नावेद म्हणाला. "खूप वेळ ओरडू देत."

माझा फोन टेबलावर होता. त्याने तो हळूच माझ्याकडे सरकवला आणि मी तो उचलते का याची वाट बघत उभा राहिला.